कूस बदलताना

"काका, उभं राहून कुणी भरवतं का? बसा आधी."

हे मला सांगणारी मुलगी चोवीस वर्षांची होती. मी सत्तेचाळीस, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं प्रशिक्षण घ्यायला आलेला. बावीस वर्षं मी कंपन्यांचे हिशेब तपासले होते आणि तेवढ्या काळात कामाच्या जागी मला कुणी 'सर'खेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं. आता माझ्या हातात चमचा होता, समोर डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेला माझ्याच तुकडीतला एक मुलगा होता आणि मला त्याला दहा घास भरवायचे होते. मग पट्टी माझ्या डोळ्यांवर येणार होती.

भरवणं म्हणजे काय, चमचा तोंडाशी न्यायचा, अशी माझी समजूत. पण आपण उभे राहिलो की समोरच्याची मान वर होते, आणि मान वर झाली की घास श्वासनलिकेकडे घसरायचा धोका वाढतो. म्हणून त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं. तो ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली. चमचा अर्धाच भरायचा आणि खालच्या बाजूने आणायचा. गळ्यातला कंठमणी वर जाऊन खाली आला की मगच पुढचा घास. खाऊन झाल्यावर निदान अर्धा तास माणसाला आडवं करायचं नाही. एवढं सगळं एका घासात असतं, याचा मला पत्ताच नव्हता.

पाळी माझ्यावर आली तेव्हा चमचा ओठांना टेकताच मी दचकलो. कधी येणार, किती गरम असणार, काहीच कळत नाही. तिसऱ्या घासानंतर भरवणारा शेजारच्याशी काहीतरी बोलायला लागला आणि मी आ वासून तसाच बसून राहिलो. सात-आठ सेकंदच असतील. त्या सात-आठ सेकंदांत मला त्या मुलाचा जो राग आला, तेवढा राग मला आयुष्यात कुठल्याच बॉसचा आला नव्हता.

लोक विचारतात, हे कसं काय सुचलं? प्रश्नातच उत्तराची अपेक्षा असते. काहीतरी साक्षात्कार झाला असणार, निदान मोठं दुःख तरी. खरी गोष्ट जरा ओशाळवाणी आहे. आमचं बरंचसं काम सॉफ्टवेअरकडे गेलं, उरलेलं दुसरीकडे हलवलं, आणि मला एक लिफाफा व एक पुष्पगुच्छ मिळाला. नवी नोकरी शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मुलाखतीला जायचीही इच्छा होत नाहीये. हे एक. दुसरं म्हणजे आई.

आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. शेवटचे आठ महिने ती अंथरुणाला खिळून होती. त्या आठ महिन्यांची फाइल माझ्याकडे आहे: रिपोर्ट, बिलं, औषधांच्या वेळा, सगळं तारीखवार. मी फाइल सांभाळली. आईला सांभाळलं माझ्या बायकोने आणि दिवसा येणाऱ्या एका मावशींनी. एकदा बायकोला ताप होता आणि मावशी यायच्या होत्या. आईचे कपडे ओले झाले. मी पलंगाशी उभा राहिलो आणि कुठे हात घालायचा, हेच मला कळेना. आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे, येतील त्या." पाऊण तास ती तशीच पडून होती. मावशी आल्या, त्यांनी एक हात आईच्या खांद्यामागे ठेवला, एक कमरेखाली, आणि आई वाऱ्याने पान उलटावं तशी कुशीवर झाली. जोर लावल्यासारखं काही दिसलंच नाही. हे येतं कसं, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात शिरला. बाकी सेवाभाव वगैरे म्हणाल तर तो यात फारसा नव्हता. कुतूहल होतं, आणि शरम होती.

घरी सांगितलं तेव्हा बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईंचं मी करत होते तेव्हा तू दाराशी उभा राहून विचारायचास, झालं का म्हणून. आता परक्यांचं करणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पगार निम्म्याहून कमी होणार, हेही मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यावर मात्र तिने एवढंच विचारलं की मुलीच्या शिक्षणाचं काय. तो हिशेब मी करून ठेवला होता. तेवढं मला येतं.

"फार पुण्याचं काम करता हो." हे वाक्य ऐकलं की मला हल्ली आधी पगाराची स्लिप आठवते. वायरिंग करणाऱ्याला आपण पुण्यवान म्हणत नाही. त्याला काम येतं का ते विचारतो आणि पैसे देतो. इथे उलट. काम येतं का, हे कुणी विचारत नाही, आणि पुण्य मिळतंय म्हटल्यावर पैशांचं बोलायची सोय राहत नाही. 'सेवा' हा शब्द मला आवडायचा. आता तो मी जरा जपूनच वापरतो, कारण त्याच्याखाली खूप काही झाकलं जातं: रात्रपाळ्या, मोडलेल्या कमरा, सुट्ट्या नसणं. कुणी बाबा आमट्यांचं नाव काढलं की मी तर पार कसनुसा होतो. वकिली सोडून 1949 साली महारोगी सेवा समिती काढणारा तो माणूस कुठे आणि लिफाफा घेऊन बाहेर पडलेला मी कुठे. (संस्थेच्या नावात सेवा आहे, हे मला ठाऊक आहे.) पण त्यांचं नाव घेणारे एक विसरतात. आनंदवनात त्यांचा भर दानावर नव्हता, श्रमावर होता. ज्यांना लोक भीक घालत होते, त्यांच्या हाताला त्यांनी काम दिलं. पुण्याच्या भाषेत बोलायचंच झालं तर त्यांनी ती भाषाच बाजूला सारली.

मला स्वतःला जवळची वाटते ती सिसिली साँडर्स. तिची गोष्ट आम्हाला प्रशिक्षणात सांगितली, तीही पाठ सांभाळण्याच्या तासाला. ही इंग्रज बाई आधी नर्स होती. पाठीने दगा दिला म्हणून नर्सिंग सोडावं लागलं, मग रुग्णालयातली समाजसेविका झाली. मरणाला टेकलेल्या माणसांच्या वेदनेकडे कुणी नीट बघतच नाही, हे तिथे दिसलं, तेव्हा तिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षण सुरू केलं आणि 1957 साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाली. लंडनमधलं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाला टेकलेल्यांची देखभाल करणारं घर, 1967 साली उघडलं तेव्हा ती एकोणपन्नाशीला पोहोचत होती. तिने वेदनेची व्याख्याच रुंद केली. दुखतं ते नुसतं शरीर नव्हे; मन दुखतं, नाती दुखतात, माझ्यामागे यांचं कसं होणार ही पैशांची काळजीही दुखते. एका आजोबांना मी रात्री तीन वाजता उशीखालून पासबुक काढून पुन्हा पुन्हा चाचपताना पाहिलं आहे. त्यांना गोळी नको होती. मी दिवा लावून त्यांच्याबरोबर शेवटची शिल्लक वाचली, दोनदा. मग ते झोपले. माझी बावीस वर्षं अशी अधूनमधून कामी येतात.

पाठीवरून आठवलं. पहिल्या महिन्यात माझी पाठ इतकी दुखायची की मी बुटांच्या नाड्या बसूनही बांधू शकत नव्हतो. कारण मी उचलायचो. शिकलेला माणूस उचलत नाही. पलंग आपल्या कमरेपर्यंत वर घेतो, गुडघ्यांतून वाकतो, आणि खाली अंथरलेल्या आडव्या चादरीने, ड्रॉशीटने, माणसाला सरकवतो. ज्याला वळवायचं त्याला आधी सांगतो, "आता तुम्हाला खिडकीकडे वळवतोय." न सांगता वळवलं तर माणूस आकसतो, कठडा धरतो, आणि त्याचं वजन दुप्पट होतं. आईच्या त्या मावशी वळवण्याआधी तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायच्या. मला तेव्हा वाटायचं, देवाचं नाव घेत असतील.

जो स्वतः हलू शकत नाही, त्याची साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. आमच्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहिली की तिथलं रक्त थांबतं आणि जखम सुरू होते. माकडहाड, टाच, कोपर, घोटा, डोक्याची मागची बाजू. जागा लाल दिसली तर बोटाने दाबायची. दाबल्यावर पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर ठीक. तशीच लाल राहिली तर बेडसोअरची सुरुवात झालीच म्हणून समजा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसतच नाही, तिथे हाताने बघायचं: गरम लागतंय का, घट्ट झालंय का. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने 1962 साली यासाठी गुणांची पद्धत काढली. शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणं-फिरणं, अंथरुणात हलणं, मलमूत्रावरचा ताबा, या प्रत्येकाला 1 ते 4 गुण. बेरीज 14 किंवा त्याखाली आली की धोका. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की विचारू नका. अखेर एक बेरीज.

आणि त्याच आनंदात मी एक पराक्रम केला.

मी काम करतो त्या देखभाल केंद्रात काही जणांच्या पाण्याची आणि लघवीची मिलिलिटरमध्ये नोंद ठेवतात. रात्रीचा तक्ता सकाळी माझ्या हातात आला. 200, 200, 150, 200, 200. एकाच शाईने, एकाच तिरकसपणाने, एका बैठकीत लिहिलेलं. खऱ्या आकड्यांना शिस्त नसते; माणूस कधी दोन घोट पितो, कधी पेला ढकलतो. असे गुळगुळीत आकडे पकडण्यात माझी हयात गेलेली. मी तक्ता घेऊन इनचार्जकडे गेलो. रात्रपाळीच्या मुलाला बोलणी बसली, एका दिवसाचा पगार कापला गेला. मला वाटलं, मी कुणाचा तरी जीव वाचवला.

तो मुलगा माझ्यावर चिडलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "काका, रात्री एकोणीस जणांमागे मी एकटा असतो."

तीन आठवड्यांनी मला पहिली रात्रपाळी लागली. साडेतीनच्या सुमाराला एक आजी स्वच्छतागृहाच्या वाटेवर पडल्या. हाड मोडलं नव्हतं, पण त्या घाबरल्या होत्या आणि माझा हात सोडत नव्हत्या. पलीकडे कुणीतरी घंटी वाजवत होतं, आणखी पलीकडे कुणीतरी नुसतंच हाका मारत होतं. सहा वाजता मी टेबलाशी बसलो आणि समोर पाण्याचा रिकामा तक्ता. मी पेन उचललं आणि लिहिलं, 200.

तो आकडा माझ्या अक्षरात अजून त्या फाइलमध्ये आहे. खोडला असता तर खोडलेलं दिसलं असतं.

नंतर मी घड्याळ लावून एक हिशेब केला. एकोणीस जणांपैकी अकरा जणांची कूस बदलावी लागते. एकट्याने नीट बदलायची तर प्रत्येकाला सात मिनिटं. म्हणजे दर दोन तासांतली सत्याहत्तर मिनिटं निव्वळ यातच. उरलेल्या त्रेचाळीस मिनिटांत डायपर, पाणी, औषधं, घंट्या, आणि कुणी पडलं तर तेही. कागद व्यवस्थापनाला दिला. चार महिने तो फिरत राहिला. मग मध्यरात्रीपासून सहापर्यंत आणखी एक माणूस मिळाला. त्या मुलाचा कापलेला पगार मात्र परत मिळाला नाही, आणि कापायला कारण झालो होतो मी. तो आता दुसरीकडे काम करतो. अधूनमधून फोन करतो, मीच.

आंघोळीचंही सांगायला हवं. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरने 1963 साली रोजच्या जगण्याची सहा कामं मांडली: आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठणं-बसणं, मलमूत्रावरचा ताबा, आणि स्वतःच्या हाताने खाणं. त्याचं निरीक्षण असं की ही कामं साधारण एका क्रमाने हातातून जातात. आंघोळ बहुधा पहिली, खाणं शेवटचं. बरा होत चाललेला माणूस ती परत मिळवतो तो क्रम लहान मुलाच्या शिकण्यासारखा असतो. कागदावर हे एका ओळीत बसतं. पण आंघोळ पहिली जाते म्हणजे काय? माणूस अजून पेपर वाचत असतो, मुलांना सल्ले देत असतो, आणि त्याच वेळी एका अनोळखी माणसापुढे त्याला कपडे काढावे लागतात.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. आंघोळीचं नाव काढलं की म्हणायचे, "उद्या." मी त्यांना पटवायला गेलो. स्वच्छतेचे मुद्दे सांगितले, तीन दिवस झाले आहेत हे तारखेनिशी सांगितलं. त्यांनी मला अख्खी दुपार वर्गाबाहेर काढलं. खरोखर, बोटाने दार दाखवलं. मग आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी गेल्या. हातात बादली. "गुरुजी, पाणी जरा तपासून द्या बरं, मला मेलीला अंदाज येत नाही." गुरुजींनी बोटं बुडवली. म्हणाले, कडक आहे. मावशींनी गार ओतलं. पुन्हा तपासलं. हं, आता ठीक. "मग पायावर घालून बघू?" खांद्यावर टॉवेल, मांडीवर टॉवेल, पायांपासून सुरुवात, जेवढं धुवायचं तेवढंच उघडं. वीस मिनिटांत काम झालं. 'आंघोळ' हा शब्द मावशींनी एकदाही उच्चारला नाही. मी दाराशी उभा होतो.

मावशींनी टॉम किटवुड हे नाव ऐकलेलं नाही, ऐकायची गरजही नाही. मला ते प्रशिक्षणात कळलं. रसायनशास्त्र शिकवणारा, काही काळ धर्मोपदेशक असलेला हा इंग्रज पुढे मानसशास्त्राकडे वळला आणि पन्नाशीच्या आसपास स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या देखभालीकडे. काळजी घेणारे चांगल्या मनानेही माणसाला कसं कसं लहान करतात, याची त्याने यादी केली: त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलणं, घाई करणं, फसवणं, बाळासारखं बोलणं. ही यादी मी वाचली तेव्हा त्यातलं निम्मं मी त्याच आठवड्यात केलं होतं. "अरे वा, सगळं संपवलं, शहाणं बाळ!" हे मी एका निवृत्त न्यायाधीशांना म्हटलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तशी नजर मी कुठल्याही न्यायालयात पाहिलेली नाही. मात्र किटवुडला मावशींची युक्ती चालली असती की तीही फसवणुकीतच धरली असती, हे मला ठरवता येत नाही. पाणी गुरुजींनी खरंच तपासलं होतं.

2018 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जगभरच्या बिनपगारी देखभालीचा हिशेब मांडला. दररोज 16.4 अब्ज तास. म्हणजे दोन अब्ज माणसांनी पगाराशिवाय रोज आठ तास राबावं तेवढं. त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त बायकांच्या अंगावर. मी तो आकडा बायकोला वाचून दाखवला. मला वाटलं तिला बरं वाटेल. तिने विचारलं, "यात माझे आठ महिने धरलेत का?"

गेल्या महिन्यात सासरे आमच्याकडे राहायला आले. ब्याऐंशी वर्षांचे, गुडघे गेलेले. पहिल्याच संध्याकाळी सोफ्यातून त्यांना उठता येईना आणि बायकोने दोन्ही हात धरून ओढायला सुरुवात केली.

"थांब, ओढू नकोस. खांदा निखळेल. अण्णा, आधी जरा कडेला सरका. पाय मागे घ्या, अजून. हात सोफ्यावर. आता पुढे वाका, नाक पायाच्या बोटांपुढे जाऊ द्या. तीन म्हटलं की."

तीनला अण्णा स्वतःच उठले. मी नुसता कमरेमागे तळहात धरून होतो. उठल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं, जणू कुणी दुसऱ्यानेच उठवलं असावं. बायको काही बोलली नाही.

त्या रात्री दीड वाजता त्यांनी हाक मारली. पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. धोतर, चादर, सगळं ओलं. "तिला उठवू नकोस," ते म्हणाले. मी दार लोटून घेतलं. त्यांना खुर्चीत बसवलं, मांडीवर कोरडा टॉवेल टाकला, पाणी कोमट करून आणलं आणि त्यांच्या हाताला लावून विचारलं, "चालेल?" त्यांनी मान हलवली. पाठ पुसताना माकडहाडाजवळ एक जागा गरम लागली, ती मनात टिपून ठेवली. बाहेर चपलांचा आवाज झाला.

"झालं का?" दारापलीकडून बायकोने विचारलं.

"नाही अजून," मी म्हणालो. "वेळ लागेल. तू झोप."